मनाची जखम आणि मनाची उभारी

आपल्या खेड्यापाड्यांत 'धसका' हा शब्द फार जुना आहे. 'त्या दिवसापासून त्याने धसका घेतला,' असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्यास अधिक काही विचारावे लागत नाही. विहिरीत पडलेले पोर वर काढले, अंगाला खरचटलेही नव्हते, परंतु पुढे वर्षभर ते रात्री दचकून उठत असे, अशी एखादी तरी हकीकत प्रत्येक घरात असतेच. आपल्या आजीपणजींना जे ठाऊक होते ते मान्य करण्यास वैद्यकशास्त्राला मात्र बराच काळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले, थरथर कापणारे, वाचा बसलेले सैनिक पाहून डॉक्टरांनी १९१५ च्या सुमारास 'शेल-शॉक' हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. सैन्यातील अनेक अधिकाऱ्यांनी त्याला भित्रेपणा म्हटले. रणातून पळाल्याबद्दल वा भित्रेपणाबद्दल ब्रिटिश सैन्याने आपल्याच ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांतील काही जण या दुखण्याने पछाडलेले होते. अशा ३०६ जणांना सरकारने क्षमा केली ती २००६ साली, म्हणजे त्यांची नातवंडे म्हातारी झाल्यावर! अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांनी या विकारास आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले १९८० साली. आघातानंतरचा ताण, असे आपण त्याला मराठीत म्हणू.

या विषयात आपल्या महाराष्ट्राचा वाटा काय, असे कोणी विचारल्यास मी डॉ. मोहन आगाशे यांचे नाव घेईन. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ते 'घाशीराम कोतवाल' नाटकातील नाना फडणवीस म्हणून आठवतील. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नानाने त्यांना एवढी कीर्ती दिली, की हे गृहस्थ मुळात मानसरोगतज्ज्ञ आहेत, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आहे, आणि १९९१ साली पुण्यात स्थापन झालेली मानसिक आरोग्याची राज्यसंस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

त्या संस्थेस दोन वर्षे होतात न होतात तोच किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजण्यास काही मिनिटे कमी. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड धाबे, अशी त्या भागातील घरे. जे छप्पर उन्हात गारवा देई, तेच अंगावर आले. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. अन्नवस्त्रांची मदत देशभरातून आली, परदेशांतूनही आली. परंतु जे वाचले त्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न घेऊन भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या वतीने जे संशोधन सुरू झाले, त्याचे प्रमुख अन्वेषक होते डॉ. आगाशे. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनीही महिन्याभराने एक लहानशी पाहणी केली. तपासलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक विकार जडल्याचे त्यांना आढळले.

याआधी डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात विषारी वायूने संहार केला, तेव्हा मनाच्या दुखण्याकडे पाहणारे तज्ज्ञ हाताशी जवळजवळ नव्हतेच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. श्रीनिवास मूर्ती व त्यांचे सहकारी तेथे गेले, आणि त्यांनी नेहमीच्या सरकारी डॉक्टरांनाच हे दुखणे ओळखण्यास व त्यावर उपचार करण्यास शिकविले. मोठा तज्ज्ञ येईल तेव्हा येईल, तोवर गावचा डॉक्टर तरी रुग्णाचे ऐकून घेईल, ही त्यामागील दृष्टी मला फार मोलाची वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका घराला आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने बडोद्यास, म्हणजे आताच्या वडोदऱ्यास, जाणे झाले. महाराज सयाजीरावांच्या त्या नगरीत मराठी माणूस आजही परका नाही. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीमुळे तेथे स्थायिक झाले आहे. त्यांच्या शेजारी औसा तालुक्याकडचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. प्रार्थना आटोपल्यावर तेही चहाला बसले. हिंदू मनुष्य, गळ्यात तुळशीची माळ. बोलता बोलता किल्लारीचा विषय निघाला. त्या पहाटे त्यांची आई व चार वर्षांची मुलगी गेली. दोन वर्षांनी ते कारखान्यात काम मिळाले म्हणून बडोद्यास आले. तेथे दगडी घर नाही, धाबे नाही, असे मनाला समजावून सांगत राहिले. आणि मग २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूजचा भूकंप झाला. बडोदेही हादरले. त्यांच्या इमारतीला काही झाले नाही, परंतु धाकट्या मुलाला उचलून ते तीन जिने उतरले, ते रात्री वर जाण्यास तयार होईनात. पुढे कित्येक महिने ते ओट्यावर निजत. लोक हसत. एका नातलगाने भगताकडे नेले, दुसऱ्याने 'पुरुषासारखा पुरुष' म्हणून हिणवले. अखेर कारखान्याच्या डॉक्टरने सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा कागद लिहून दिला. तेथे गोळ्या मिळाल्याच, त्याहून अधिक म्हणजे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "सगळं सांगून झालं तरी त्या बाई घड्याळाकडं बघत नव्हत्या."

मी विचारले, "आता झोप लागते का, बाबा?"

"लागती की, फादरसाहेब. पर चपला आन् बॅटरी उशाशी लागती."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेही.

आता धर्मगुरू या नात्याने जे सांगावेसे वाटते ते सांगतो. 'श्रद्धा कमी पडली म्हणून भीती वाटते,' 'देवाची इच्छा समजून विसरून जा,' अशी वाक्ये आपल्या तोंडी फार सहज येतात, आणि ती बहुधा मयताच्या घरातच येतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ज्याचे मन जखमी आहे त्याच्या दुःखावर त्यामुळे पापाचे ओझे चढते, आणि कुमसाराला येऊन तो आपल्या भीतीचीच क्षमा मागू लागतो. भीती हे पाप नव्हे. पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्टा काही दुबळ्या श्रद्धेचा नव्हता. तरी राणी ईझबेलच्या धाकाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवाच्या दूताने त्याला काय दिले? भाकरी, पाणी, आणि पुन्हा झोपण्याची मोकळीक. उपदेश केला नाही. ईयोबाचे मित्रही सात दिवस जमिनीवर मुकाट्याने त्याच्याजवळ बसले होते, तोवर त्यांचे वागणे उत्तम होते. ते बोलू लागले आणि सारे बिघडले!

या विषयाची दुसरी बाजूही तितकीच सांगण्यासारखी आहे. आघात झालेला प्रत्येक मनुष्य कायमचा मोडतो असे नाही. पुष्कळांचे मन काळाच्या ओघात आपोआप सावरते. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वेर्नर या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले चाळिशीत येईपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील भांडणे, आईबापांचे आजारपण, अशा हलाखीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले धडधाकट मनाची, कर्ती माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादे तरी जिव्हाळ्याचे, भरवशाचे वडील माणूस होते. कधी आजी, कधी शिक्षक, तर कधी प्रार्थनामंदिरातील मंडळी. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली, तीही याच जातीची गोष्ट. उलट, पुनर्वसनात नवी गावे ऐसपैस आखली गेली. घरे पक्की झाली, पण जुन्या गल्लीतला शेजार विखुरला, ही तक्रार तिकडच्या वृद्धांकडून ऐकू येते. घर सिमेंटचे देता येते, शेजार देता येत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका मातेने लेंटच्या दिवसांत मिस्सेनंतर मला गाठून हळूच विचारले, "फादर, पोराला कुणाची बाधा तर नसेल ना?" मुलाने आपल्या वडिलांचा अपघात डोळ्यांदेखत पाहिला होता. आठ महिने झाले तरी तो रस्ता ओलांडताना आईचा हात सोडीत नाही, शाळेत खिडकीपाशी बसत नाही. मुलगा अकरा वर्षांचा. त्याच्यासाठी प्रार्थना केली, ती रोज चालू आहे. त्याचबरोबर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्यासमोरच फिरविला. २०२२ पासून ही सेवा विनामूल्य चालते आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मुलाला जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांकडे नेले. आतापर्यंत तीन खेपा झाल्या. दोन खेपांना तो काही बोलला नाही. तिसऱ्या खेपेस त्याने एक चित्र काढले, त्यात रस्ता होता. पुढील तारीख सोमवारची आहे. आईची त्या दिवशी कामाची पाळी असल्याने मुलाचा मामा त्याच्याबरोबर जाणार आहे.