परसातला गुरू

ग्रहांचे फोटो काढायचे म्हटलं की लोक आधी गच्चीकडे बोट दाखवतात. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या उबेतून बघितलेला गुरू नुसता उकळत असतो. त्यापेक्षा परस बरं. मागच्या दारी, धुण्याच्या दगडापलीकडे, माती नि थोडं गवत आहे तिथे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडायची, आणि आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत निवांत चहा घ्यायचा. रस्त्यावरचा दिवा जळत असला तरी बिघडत नाही. अंधार लागतो तो दीर्घिकांना. ग्रहांना फक्त हवा निवांत हवी.

तीच दुर्मीळ. लख्ख आकाश, टपोरे तारे जोरजोरात लुकलुकतायत, अशा रात्री मी दुर्बीण बाहेर काढत नाही. लुकलुकणं म्हणजे वर हवा खवळलेली. उलट वारा पडलेली, जराशी धुरकट, कुणालाच आवडणार नाही अशी रात्र आली की गुरूवरचे पट्टे स्पष्ट उमटतात.

डोळा लावायच्या जागी छोटा कॅमेरा बसवला की गुरू लॅपटॉपवर येतो. थरथरतो, फुगतो, आक्रसतो. मधेच हवा थबकते, आणि सेकंदाच्या एखाद्या तुकड्यात तांबडा डाग, त्याच्याभोवतीची फिकट खळगी, पट्ट्याच्या काठावरचे भोवरे, सगळं लखकन दिसून जातं. हे क्षण पकडायचे तर एक फोटो कामाचा नाही. व्हिडिओ घ्यायचा, दोनेक मिनिटांत हजारो फ्रेम. मग सुपात तांदूळ निवडावेत तशा ऑटोस्टॅकर्ट नावाचा प्रोग्रॅम त्या निवडतो, आणि चांगल्या तेवढ्या एकावर एक रचतो. रेकॉर्डिंग फार लांबवता येत नाही, कारण सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर व्यासाचा हा गडी दहा तासांच्या आतच स्वतःभोवती गिरकी पुरी करतो. डाग बघता बघता सरकतो.

असा रचलेला फोटो खरा कसा, असं विचारणारे भेटतात. मला तो खराच वाटतो. लबाडी सुरू होते ती नंतर, धार चढवताना: प्रोग्रॅममधली पट्टी जरा जास्त ओढली की गुरूवर नसलेली नक्षी उगवते, आणि लाइक नेमके तिलाच पडतात.

अक्षांशाच्या बाबतीत आपण नशीबवान. १० जानेवारी २०२६च्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आला तेव्हा, गुरू मिथुनेत होता, महाराष्ट्रातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. ग्रह जितका उंच तितका हवेचा थर कमी. इंग्लंडच्या डेमियन पीचसारख्या नावाजलेल्या ग्रह-छायाचित्रकारालाही त्यासाठी बार्बाडोस गाठावं लागलं होतं.

आणि परसातल्या माणसाला कधी काय सापडेल सांगता येत नाही. १९ जुलै २००९च्या रात्री ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली हे हौशी निरीक्षक हवेला कंटाळून आवरायच्या बेतात होते. आवरलं नाही. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग फिरत समोर आला: काहीतरी येऊन आदळलं होतं. नासाच्या हवाईतल्या दुर्बिणीने नंतर त्याला दुजोरा दिला.

शनीचं मात्र निराळंच. २०२५चा पावसाळा सरल्यावर त्याची कडी कडेने दिसत होती, नुसती बारीक रेघ. शेजारच्या काकू मोठ्या हौसेने डोळा लावून बघायला आल्या आणि म्हणाल्या, “कडी कुठाय रे?” मी म्हटलं, २०३२च्या सुमाराला या, तेव्हा पूर्ण उघडलेली असतील. शनीचा सूर्याभोवतीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा. रेघेपासून पूर्ण उघडायला कड्यांना त्याचा सुमारे पाव भाग लागतो. बारा राशींतल्या तीन ओलांडायला, म्हणजे साडेसातीलाही, तेवढाच.

काकूंनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे त्याला स्वतःलासुद्धा चुकली नाही म्हणायची.”