लेहच्या गोंपापासून परळच्या विहारापर्यंत

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या समाजातील कुटुंबे हल्ली शिमला-मनालीवर समाधान मानीत नाहीत. लेह, गंगटोक, तवांग, धर्मशाळा ही नावे भुलेश्वरपासून लालबागपर्यंत घरोघरी ओळखीची झाली आहेत. सोबत स्वयंपाकी महाराज, कंदमुळे वर्ज्य असलेला शिधा आणि सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल असे आश्वासन, एवढी तजवीज झाली की आजी-आजोबाही निघतात. मीही अशाच एका संघाबरोबर लेहला गेलो होतो.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस विश्रांतीतच घालवावा लागतो. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. दुसऱ्या दिवशी ठिकसे गोंपा पाहिला. एका उघड्या बोडक्या टेकडीवर पांढरी घरे एकावर एक रचल्यासारखी चढत गेलेली आणि माथ्यावर मुख्य मंदिर. आत मैत्रेयाची दोन मजले उंच मूर्ती. लोण्याच्या दिव्यांचा वास भिंतींत मुरलेला. पण माझे लक्ष खिळले ते पोथ्यांवर. लांबट, सुटी पाने. वर-खाली लाकडी फळ्या. भोवती कापडाचे वेष्टन. आपल्या ज्ञानभांडारातील हस्तलिखितांची आठवण कोणाही श्रावकाला व्हावी, अशीच ती मांडणी होती.

आणि मग तो प्रश्न आलाच. गोंपातून बाहेर पडताना आमच्यापैकी एका भगिनीने विचारले, "हे लोक अहिंसा मानतात ना? मग मांस कसे खातात?" हिमालयातील विहार पाहून आलेल्या प्रत्येक जैन कुटुंबात हा प्रश्न निघतो. वाटाड्याचे उत्तर ठरलेले असते: उन्हाळा आखूड, जमिनीत जव पिकते, भाजीपाला थोडका, माणसाने काय खावे? उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

हा प्रश्न अडीच हजार वर्षांचा आहे. पाली विनयपिटकात वैशालीच्या सिंह सेनापतीची कथा आहे. सिंह हा निर्ग्रंथांचा, म्हणजे आपल्याच परंपरेचा उपासक. तो बुद्धाकडे गेला आणि त्याने बुद्धाला संघासह भोजन दिले. त्यात मांस होते. तेव्हा निर्ग्रंथ वैशालीच्या चौकाचौकांत हात उंचावून सांगत फिरले, की श्रमण गोतमासाठी पशू मारला आणि ते ठाऊक असूनही तो खातो. या प्रसंगानंतर बुद्धाने नियम घालून दिला: आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर भिक्षूने ते मांस घेऊ नये. यालाच त्रिकोटिपरिशुद्ध म्हणतात. तिन्ही दोष नसतील तर भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे. आपल्याकडे हा मार्ग मान्य नाही. खाणारा आहे म्हणून मारणारा आहे, ही आपली भूमिका आणि मला ती आजही अधिक बळकट वाटते.

या वादाचा मराठीत सर्वांत खोल विचार ज्यांनी केला, त्यांनी मुंबईत विहार उभारला तो परळला. धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. जन्म १८७६चा, गोव्यातील साखवाळचा. शालेय शिक्षण तुटपुंजे. 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयीचा लेख वाचनात आला आणि त्या ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे कळल्यावर १९०२ साली हिमालयाच्या कुशीतील काठमांडू गाठले. आज आपण जेथे विमानाने दोन-अडीच तासांत उतरतो, तेथे त्या काळी किती दिवस लागले असतील याची कल्पनाच करावी. पण तेथे त्यांच्या पदरी निराशा आली. जे शोधायला गेले होते ते हिमालयात सापडले नाही. पाली भाषा आणि भिक्षूंचे विनय शिकण्यासाठी त्यांना थेट सिंहलद्वीपाला जावे लागले, मग ब्रह्मदेशाला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, हार्वर्डला संशोधन, अहमदाबादला गुजरात विद्यापीठात आपले पंडित सुखलालजी यांचा सहवास आणि १९२९ साली लेनिनग्राड. एवढे फिरलेला हा विद्वान १९३७ साली परळला आला आणि शेठ जुगलकिशोर बिर्ला यांच्या साहाय्याने त्याने बहुजन विहार स्थापन केला.

परळच का? आपण व्यापारी माणसे, म्हणून हे आपल्याच हिशेबात मांडतो. त्या काळी परळ-लालबागच्या गिरण्यांत विणलेले कापड मुळजी जेठा मार्केटमध्ये आपल्या पेढ्यांवर विकले जाई. गाठोडी इकडे येत, माणसे तिकडेच राहत. चाळीच्या एका खोलीत दहा-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे. कोसंबींनी विहारासाठी गिरगावचा चौपाटीकडचा भाग निवडला नाही, मलबार हिलही नाही. ज्यांच्या श्रमावर शहराची लक्ष्मी उभी होती त्यांच्या वस्तीत ते गेले. विहाराला बहुजन हे नाव दिले तेही त्याच हेतूने. डॉ. आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा करून तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. नागपूरची दीक्षा १९ वर्षे दूर होती.

१९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. आता आपली माणसे परळला जातात ती बहुधा टाटा किंवा केईएम रुग्णालयात, कोणी आजारी म्हणून किंवा पदपथावर बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढायला. लेहचे तिकीट सहा महिने आधी काढणाऱ्या आपल्यातील किती जणांनी परळचा विहार पाहिला आहे? मी विचारून पाहिले. एकही सापडला नाही.

जैन वाचकाला कोसंबी अडचणीचे वाटतात, याचे कारण मात्र वेगळे आहे. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात आणि त्याआधीच्या लेखनात त्यांनी असे प्रतिपादन केले, की प्राचीन काळी जैन श्रमणही मांस घेत असत. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकातील रेवतीच्या कथेचा त्यांनी आधार घेतला. भगवान महावीर आजारी असताना त्यांनी सिंह अनगाराला (हाही सिंहच, योगायोग पाहा) रेवतीच्या घरून आहार आणण्यास सांगितले; तेथील शब्द कबूतर आणि कोंबडा या अर्थांचे दिसतात. समाजात मोठा क्षोभ झाला. आपल्या टीकाकारांनी ते शब्द वनस्पतिवाचक मानले आहेत: एक कोहळा, दुसरा बिजोरा. मला हाच अर्थ ग्राह्य वाटतो. वैद्यकाच्या ग्रंथांत पशुपक्ष्यांची नावे वनस्पतींना सर्रास दिलेली आढळतात. आणि जे आगम पाण्याच्या थेंबात व मातीच्या ढेकळात जीव मोजतात, ते इतक्या सहज मांसाची आज्ञा नोंदवतील हे पटत नाही. कोसंबींचा निष्कर्ष मी स्वीकारीत नाही.

पण तेवढ्यावर त्यांना बाजूला सारले तर आपलेच नुकसान आहे. कारण याच माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिले. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह हे भगवान पार्श्वनाथांचे चार याम. उत्तराध्ययनाच्या तेविसाव्या अध्ययनात केशी आणि गौतम यांचा संवाद आहे, चार यामांचे पाच महाव्रतांशी नाते सांगणारा. तो आपण व्याख्यानात ऐकतो. कोसंबींनी तो धागा बौद्ध ग्रंथांत नेला. बुद्धाच्या शाक्य कुळातील वप्प हा निर्ग्रंथांचा श्रावक होता, ही अंगुत्तरनिकायातील नोंद त्यांना महत्त्वाची वाटली. म्हणजे पार्श्वनाथांची परंपरा कपिलवस्तूच्या घरात पोहोचलेली होती. बुद्धाचा मार्ग या चार यामांच्या भूमीवर वाढला, असे बुद्धासाठी आयुष्य वेचलेल्या पंडिताने लिहिले. आणि ते पुढेही गेले. चार याम फक्त साधूंपुरते ठेवून चालणार नाही, समाजाच्या आणि राज्याच्या व्यवहारात उतरले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. अपरिग्रहाचा प्रश्न तेथे पेढीच्या दारात येऊन उभा राहतो. वर्षीदानात आणि बोल्यांत आपण मागे नाही. परंतु परिग्रहाची मर्यादा आधी ठरवून मग व्यापार करणे हे अणुव्रत आज कितीजण घेतात, हे ज्याचे त्याने वहीत पाहावे.

कोसंबींनी पुस्तकाचा शेवट स्वतःच्या देहावर आणला. शरीर व्याधींनी थकले होते. आपल्याकडून आता कोणाचे काम होत नाही, केवळ भार होतो, असे वाटल्यावर १९४६ साली त्यांनी उपवासाने देह ठेवण्याचा निश्चय केला. गांधीजींच्या आग्रहावरून तो सोडला. पण पुढल्या वर्षी सेवाग्रामला अन्न पुन्हा सोडले आणि ४ जून १९४७ रोजी तेथेच शांतपणे देह ठेवला. बौद्ध पंडिताचे मरण, रीत सल्लेखनेची. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला, तेव्हा देशभर आपले मोर्चे निघाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या दिवसांत संथाऱ्याच्या बाजूने हजार युक्तिवाद झाले. जन्माने जैन नसलेल्या आणि आपल्याशी कडाडून वाद घातलेल्या या साक्षीदाराचे नाव माझ्या तरी कानावर आले नाही.

सेवाग्रामच्या प्रार्थनेचा आरंभ त्या काळी एका जपानी मंत्राने होत असे. निचिदात्सु फुजी या जपानी गुरूंचा एक भिक्षू आश्रमात राहिला होता, त्याची ती देणगी. त्याच संघाचे मंदिर वरळीला, डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावर, पोदार रुग्णालयासमोर आहे. लेहचा पांढरा शांतिस्तूप आणि दार्जिलिंगचा स्तूप हीही याच संघाची कामे. म्हणजे लेहला ज्या स्तूपाशी आपण छायाचित्रे काढतो, त्याचे भावंड घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिन्हीसांजेला तेथे मोठ्या ढोलावर एकसुरी ठेका सुरू होतो. बाहेर बसगाड्यांचे भोंगे चालूच असतात; थोड्या वेळाने ते ऐकू येईनासे होतात.

एका दिवसाची ही यात्रा होते. सकाळी पायधुनीला १८१२ सालापासून विराजमान असलेल्या गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. तेथून चालत सी. पी. टँकच्या हिराबागेपर्यंत यावे. नाथूराम प्रेमी यांचे प्रकाशन याच हिराबागेतून चाले, आणि चातुर्याम धर्मावरील त्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद तेथूनच निघाला. ज्या लेखकावर समाज रागावला होता त्याचे पुस्तक एका जैन गृहस्थाने छापले, हे त्या दारात उभे राहून आठवावे. दुपारी परळ, संध्याकाळी वरळी. चोविहार असणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा आणि परळलाच जेवून घ्यावे. ढोल वाजेपर्यंत सूर्य गेलेला असतो.