उभ्या यंत्राची झीज

पुण्यात गवत कापण्याच्या यंत्राचे, म्हणजे बाजारात ज्याला ‘ब्रश कटर’ म्हणतात त्याचे, काम जूनअखेरीस सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास संपते. उरलेले सात-आठ महिने ते पंपघरात किंवा जिन्याखाली उभे असते. कोथरूडमधील एका सोसायटीचे असे यंत्र सहा हंगाम सांभाळल्यानंतर प्रस्तुत लेखकाचे मत असे झाले आहे की, या यंत्राचे नुकसान कामापेक्षा या विसाव्याच्या काळातच अधिक होते.

हे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने त्याला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते आणि ते प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे लागते, उदाहरणार्थ 1:40 असल्यास लिटरला 25 मिलिलिटर. कार्बोरेटरही मोटारसायकलसारखा नसतो. यंत्र तिरके धरले तरी इंधन मिळत राहावे म्हणून त्यात तरंगत्या गोळ्याऐवजी डायफ्रॅम, म्हणजे रबरासारखा लवचीक पातळ पडदा असतो, आणि इंजिनाच्या आतील दाबाच्या ठोक्यांवर असाच दुसरा पडदा हलून पेट्रोल ओढतो. टाकीत महिनोन्महिने पेट्रोल राहिले की हे पडदे ताठर होतात. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी सोसायटीचे यंत्र चोक ओढल्यावर सुरू होई आणि ॲक्सिलरेटर दाबताच बंद पडे. तेव्हा लेखकाने आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत दोन दिवस घालवले, आणि शेवटी झाकण उघडल्यावर आतला पडदा वाळलेल्या पानासारखा कडक झालेला आढळला. पडदे व पॅकिंगचा संच बदलताच यंत्र पूर्ववत चालू लागले. स्क्रूंना हात लावण्याआधी पडदा पाहायला हवा होता.

2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात विक्रीस आले, तेव्हापासून टाकीत पेट्रोल साठू न देण्याचे महत्त्व वाढले आहे. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला या इंधनाचा आधार आहे, हे मान्य करूनही सांगावे लागते की इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि ओलावा फार झाला की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. फिल्टर टाकीच्या तळाशी असल्यामुळे इंजिनाला वंगणाशिवायचे मिश्रण मिळते आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. यासाठी शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे लागते. पाच मिनिटांचे हे काम टाळल्याने सोसायटीला एकदा पिस्टन-सिलिंडरचा खर्च सोसावा लागला.

झिजणाऱ्या भागांत क्लचकडे विशेष लक्ष द्यावे लागते. इंजिनाचा वेग वाढल्यावर दोन शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासतात आणि पाते फिरू लागते. त्यांची स्प्रिंग सैल झाली तर इंजिन मंद असतानाही पाते फिरत राहते, जे पायांना धोक्याचे असते. शू नेहमी जोडीने बदलावेत, कारण एक जुना व एक नवा ठेवल्यास तोल बिघडून हातांना कंप जाणवतो. पाते धरणाऱ्या नटाचे आटे बहुतेक यंत्रांत उलटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवण्याऐवजी आवळत जातो आणि आटे खराब करतो.

सुटे भाग रविवार पेठेतील बोहरी आळीत मिळतात, परंतु तेथे जाताना जुना भाग बरोबर नेणे आवश्यक ठरते. दिसायला सारख्या दोन पॅकिंगमध्ये एका बारीक छिद्राचा फरक असतो; दाबाचे ठोके पंपाच्या पडद्यापर्यंत त्याच छिद्रातून पोहोचतात, आणि ते बुजले की नव्या कार्बोरेटरमध्येही पेट्रोल चढत नाही.