परीक्षेची तयारी

मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल आता राहिली नाही. पालकांची धास्ती मात्र राहिली आहे. "गुरुजी, पोरगं नापास झालं तर?" हा प्रश्न आम्हांस दरसाल ऐकावा लागतो. अशा वेळी आम्ही पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा दाखला देतो. तेथे १९३२ साली एकखोली प्राथमिक शाळा निघाली. परंतु १९७९ साली गावात हायस्कूल होईपर्यंत मुलगे पुढे शिकावयास शिरूर-पारनेरास जात, आणि मुलींचे शिक्षण प्राथमिक वर्गांपाशीच संपे. मग मुलगी पहिली आली काय नि नापास झाली काय, सारखेच! पुढे याच हायस्कुलाने अन्यत्र नापास झालेल्या मुलांस मुद्दाम जवळ केले व वसतिगृहात ठेवून शिकविले.

पालकहो, परीक्षा आणि ज्वारीची काढणी बहुधा एकदमच येतात. तेवढे दिवस मुलास शेतावर नेऊ नये. आपणांस अक्षरओळख नसली तरी हरकत नाही. रात्री त्याचा धडा त्याच्या तोंडून ऐकावा, अडखळेल तेथे पुन्हा सांगावयास लावावे. बाजाराचा हिशेबही त्याजकडूनच करवावा. आणि मुलगी परीक्षेस बसत असेल, तर तिला आधीच सांगून ठेवावे, "निकाल काहीही लागो, पोरी, तुझी शाळा सुटणार नाही."