सुप्याच्या माळाखाली

बारामती तालुक्यातील सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले गाव. ख्वाजा शहामन्सूर यांच्या दर्ग्यावर येणारे जायरीन भोवतालचा कोरडा माळ पाहतात, नशीब असेल तर मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकाराही. पायांखाली असतो काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक.

त्याच्याखाली काय? किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपला. पण कित्येक किलोमीटर खाली पाहायचे तर छिद्र पुरत नाही. तिथे निसर्गाचीच वीज कामी येते. सूर्याकडून येणारे कण आणि दूरवर कडाडणाऱ्या विजा यांमुळे जमिनीत सूक्ष्म प्रवाह खेळतात. इलेक्ट्रोड पुरून आणि चुंबकीय क्षेत्र मोजून ते टिपता येतात. लहर जितकी संथ, तितकी खबर खोलवरची. कोरडा खडक वीज अडवतो, खारे पाणी किंवा वितळलेला खडक ती वाहू देतो. नर्मदा-तापीच्या प्राचीन भूखंड-भेगेखाली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने अशीच पाहणी केली.

सुप्याच्या शेतकऱ्याला याचेच धाकटे रूप उपयोगी आहे: सळया रोवून, वीज सोडून खडकाचा रोध मोजणे. रोध कमी म्हणजे पाणीच असे नाही, चिकणमातीही असू शकते. तरीही नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या पानाड्यापेक्षा हा आधार बरा. घरातले दागिने मोडून बोअर घेण्याआधी जमिनीला एकदा असे विचारून पाहावे.