शंभरातले अडुसष्ट

बँकेत ३२ वर्षं मी आकडे जुळवले; पण गोणपाटावर निजलेलं सोयाबीन मोजताना माझी जी तारांबळ उडाली, ती कुठल्या ऑडिटातही उडाली नव्हती.

त्याचं असं झालं. जून लागला आणि आम्ही उभयता ओतूरला आबांकडे हवापालटाला गेलो. आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. मंचर सोडल्यापासूनच एस.टी.च्या दोन्ही बाजूंना रानं नांगरून तयार दिसत होती. पोचतो न पोचतो तोच वहिनींनी चहाबरोबर वाटीभर सोयाबीन पुढं केलं. मला वाटलं, निवडायचं असेल.

"निवडायचं न्हाई भाऊजी, मोजायचं. बराब्बर शंभर. आन् येईल तसं घ्या, टपोरं तेवढं वेचू नका."

टपोरे वेचणं म्हणजे परीक्षेला फक्त हुशार पोरं बसवणं, हे मला नंतर उमगलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. पाणी शिंपडण्याचं खातं माझ्याकडे आलं. "घरच्या कुंड्यांना कधी एवढं जपलं असतंत तर!" असा शेरा सौ.नं मारलाच.

एवढा खटाटोप कशासाठी? २०२० साली सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर ओरड झाली, तेव्हा आबांचंही दोन एकर रान काळंच्या काळं राहिलं. बियाणं विकतचं होतं; पिशवी चकचकीत, आणि ती पसंत केली होती मी! दुबार पेरणीसाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यावरून त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून बी घरचं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून त्या पोत्याला हात लावायची आबांनासुद्धा परवानगी नाही.

आठव्या दिवशी गुंडाळी सोडली. नुसता मोड दिसला की पास, असं नसतं. मूळ धड हवं, दोन्ही डाळी शाबूत हव्यात. वाकडे, कुजके बाद. दोनदा मोजले. ६८! एकरी ३० किलो बियाण्याचा हिशेब ७० टक्क्यांवर बसवलेला. बाहेर आबा ट्रॅक्टरवाल्याला सांगावा धाडू का म्हणून घाई करत होते. माझ्यातला जुना कारकून जागा झाला. दोन वाकडे मोड मी बोटानं हळूच सरळ केले आणि ओरडलो, "सत्तर!"

वहिनींनी चष्मा लावला आणि नेमके तेच दोन उचलले.

"भाऊजी, हितं तुम्ही सरळ केलं. रानात ह्यांना सरळ करायला कोण जाणार?"

मी मुकाट्यानं ६८ लिहिले. आबांनी एकरी किलोभर बी वाढवलं, त्याला जिवाणू खत चोळून सावलीत सुकवलं, आणि चांगली ओल होईपर्यंत ट्रॅक्टर थांबवला. आम्ही पुण्याला परतलो. रोज सकाळी मी पेपरात आधी जुन्नरचा पाऊस पाहत होतो.

पुढं एकदाचा फोन आला. "उगवलं बरं का, भाऊजी. वळी कशा भरून दिसत्यात!" मग जरा थांबून वहिनी म्हणाल्या, "आन् तुमचं ते दोन तुळशीपाशी लावलं होतं. त्यातला एक आलाय. वाकडाच हाये."