विहिरीची वेलांटी

बाबा नागपूरला सरकारी कचेरीत टंकलेखक होते. रेमिंग्टन टाइपरायटरवर बोटं इतकी बसलेली, की निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मराठीसाठी वेगळं काही शिकावं लागलं नाही. कृतिदेव फॉण्टचा कळफलक तोच. काटोलच्या संत्र्याच्या बागेचा सगळा हिशेब त्यांनी त्यात मांडला: आंबिया बहर, मृग बहर, विहिरीचं काम, कोणत्या भावाने किती पैसे घातले.

बाबा गेल्यावर एकदा काकांचा फोन आला. विहीर खोल करायची होती. "खडक किती फुटावर लागला होता, तेवढं पाहून सांग गा."

फाइल विनातक्रार उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड. आकडे तेवढे शाबूत! एके ठिकाणी 62 दिसले. ते फूट की हजार रुपये, कळायला मार्ग नाही.

त्या फॉण्टमध्ये लिहिलेलं मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. 'नागपूर' लिहिलं की फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे जातात आणि फॉण्ट त्यांना देवनागरीचं सोंग चढवतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज 2000 बरोबर. तोवर लोकांनी काय हात बांधून बसायचं होतं?

फॉण्ट टाकला, वाचता आलं. पण काकांच्या मोबाइलवर पुन्हा तेच. "पीडीएफ कर न् मोकळा हो," भाऊ म्हणाला. पीडीएफमध्ये दिसतं छान. त्यातून 'विहीर' शोधायला जा, सापडत नाही.

मग सगळं युनिकोडमध्ये आणायला बसलो. अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. टाइपरायटरवर 'वि' लिहिताना पहिली वेलांटी आधी मारतात, मग 'व'. युनिकोडला 'व' आधी लागतो. 'खर्च'मधल्या रफाराचं उलट: तिकडे 'च' झाल्यावर, इकडे 'च'च्या आधी. त्यामुळे पहिल्या फेरीत प्रत्येक खर्चाचा 'खचर्' झाला आणि विहिरीची वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकत राहिली. या अदलाबदली जमल्यावर मात्र पानंच्या पानं सुधारली.

हिशेब आता सीएसव्हीत आहे, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, नोटपॅडातही उघडतो. बाबांची टिपणं ओडीटीत ठेवली. त्या स्वरूपाचे नियम जाहीर आहेत, 2006 पासून आयएसओचं मानक आहे. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी दुसरा कोणी ते वाचणारा प्रोग्रॅम लिहू शकतो.

62 हे फूटच निघाले. काकांना कळवलं.

"मंग ब्लास्टिंगच करा लागन," ते म्हणाले, आणि मागच्या वेळी मजुरी कोणी दिली होती तेही विचारून घेतलं.